शिशापाशी तंगूस तुटू नये म्हणून

ठाण्याच्या खाडीत गळ टाकणाऱ्याचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तुटला की तो आधी दुकानात जाऊन पूर्वीपेक्षा जाड तंगूस घेऊन येतो. दोन-चार रविवार बरे जातात आणि मग पुन्हा तेच घडते: वजनासाठी ओवलेले शिसे, गळ आणि त्याला लावलेली कोळंबी खाडीच्या तळाशी राहते आणि हातात येतो तो नुसता सुटा दोरा. कळव्याहून गायमुखला गरवायला जाऊ लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे मीही असाच तंगूस बदलत राहिलो. एका हिवाळ्यात तुटलेली टोके फेकून न देता मी डबीत जमा करायला सुरुवात केली, आणि तेव्हा प्रथम लक्षात आले की शंभर मीटर लांबीचा तो दोरा मधे कुठेही तुटत नव्हता, तो दर वेळी शिशापासून वीतभर अंतरातच तुटत होता. याचा अर्थ रिळावरचा बाकीचा तंगूस पुरेसा दणकट होता आणि त्या शेवटच्या वीतभर जागेत मी स्वतःच काहीतरी चुकीचे करून ठेवले होते. पुढे लिहिलेले सगळे त्या वीतभर जागेविषयी आहे.

तुटलेले टोक आधी पाहावे

तंगूस तुटल्यावर लगेच नवे शिसे ओवायची घाई करू नये. तुटलेले टोक उजेडाकडे धरून बारकाईने पाहावे आणि मग अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून वरच्या बाजूला हातभर अंतरापर्यंत सावकाश सरकवत न्यावे. टोक स्प्रिंगसारखे वेटोळे झालेले असेल तर तंगूस तुटलेला नसून गाठ सरकून सुटलेली आहे. टोक सरळ आणि स्वच्छ, पात्याने कापल्यासारखे असेल तर कालवाच्या शिंपल्याची, शिशाच्या भोकाच्या कडेची किंवा दाबून बसवलेल्या बारीक शिशाची धार लागलेली आहे. टोकाच्या अलीकडे दोन-चार इंच तंगूस दुधाळ दिसत असेल आणि चिमटीत खरखरीत लागत असेल, तर तो बराच वेळ कशावर तरी घासत होता आणि शेवटच्या ओढीला फक्त त्याचा निकाल लागला. टोक ताणले जाऊन बारीक आणि पांढरट झाले असेल, तर मात्र खरोखरच त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओढ बसली आहे, आणि जाड तंगूस आणण्याचा विचार करायचा तो फक्त अशा वेळी.

माझ्या डबीत जमलेल्या टोकांपैकी बहुतेक तिसऱ्या प्रकारची निघाली. खरखर शिशाच्या भोकापाशी सुरू होऊन बरोबर गाठीपाशी संपत होती.

शिशाचे भोक

आपल्याकडे मिळणारे अंड्याच्या आकाराचे, मधून आरपार भोक असलेले शिसे बहुधा साध्या साच्यात ओतलेले असते. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते घरगुती भट्टीवरही ओतता येते आणि म्हणूनच ते स्वस्त पडते. मात्र साच्यातली तार ओढून काढताना भोकाच्या दोन्ही तोंडांशी पातळ, वाकडी कड उरते. शिसे मऊ धातू आहे म्हणून ती कड निरुपद्रवी असेल असे वाटते, पण सतत घासत राहिली तर तीही तंगूस झिजवते. खाडीच्या पाण्याला ओढ असताना शिसे तळावर सतत डुलत असते आणि तंगूस त्या कडेवरून तासाला शेकडो वेळा मागे-पुढे होतो. भर म्हणून भोकात वाळूचा एखादा कण अडकून बसतो आणि मग ते भोक कानशीचेच काम करू लागते.

यावरचा उपाय घरी दहा मिनिटांत होतो. भोकापेक्षा बऱ्यापैकी जाड ड्रिल बिट घ्यावा, तो मशीनला न लावता बोटांनीच भोकाच्या तोंडाशी टेकवून चार-पाच वेळा फिरवावा. कड निघून जाते आणि तोंड नरसाळ्याच्या आकाराचे, म्हणजे बाहेर रुंद व आत अरुंद असे होते. हेच दुसऱ्या बाजूने करावे. मग सोनार वापरतात तशी बारीक गोल कानस भोकातून दोन-तीनदा हलकेच फिरवावी. काम नीट झाले की नाही हे बोटाला कळत नाही, म्हणून कापसाची सैल वात वळून ती भोकातून ओढून पाहावी. कापसाचा एकही तंतू अडकला नाही तर तंगूसही अडकणार नाही. एखादा जरी तंतू कडेला चिकटून राहिला तर पुन्हा कानस घ्यावी.

हे काम जुन्या वर्तमानपत्रावर करावे, निघालेला कीस कागदात गुंडाळून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. शिसे विषारी असते, लहान मुलांच्या मेंदूला आणि मज्जासंस्थेला तर ते फार घातक असते. बारीक शिसे दाताने दाबून बसवण्याची सवय मी जेट्टीवर पुष्कळांना पाहिली आहे. ती सोडलीच पाहिजे, आणि शिसे हाताळल्यावर हात न धुता वडापाव खाऊ नये.

भोक गुळगुळीत केल्यावरही मी त्यात नळी बसवतो. बॉलपेनची संपलेली रिफिल यासाठी उत्तम. शाई राहिलेला भाग कापून टाकून उरलेली नळी सॅनिटायझरने आतून स्वच्छ करावी आणि शिशाच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर जास्त राहील असा तुकडा कापावा. तो भोकात सारून दोन्ही तोंडे गरम चमच्याच्या पाठीने हलकेच दाबली की कडा फाकून नळी जागच्या जागी बसते आणि टोकाची धारही जाते. भोक रिफिलपेक्षा लहान असेल तर वायरीवरचे प्लास्टिकचे आवरण सोलून वापरता येते. आता तंगूस धातूला शिवतच नाही.

ज्यांना एवढे करायचे नाही त्यांनी वरच्या बाजूला तारेची कडी असलेले शिसे घ्यावे आणि तंगूस त्या कडीतून थेट न ओवता, मुख्य तंगुसावर फिरणाऱ्या क्लिपमध्ये ते अडकवावे. मला स्वतःला हीच रचना अधिक पसंत आहे, कारण शिसे बदलायचे असेल तर गाठ कापावी लागत नाही. फक्त कडीच्या तारेची टोके शिशात पूर्ण बुडालेली आहेत ना, हे नखाने चाचपून घ्यावे. नट किंवा जुने स्पार्क प्लग शिशाऐवजी बांधणारेही खूप आहेत. अडकून हरवले तरी पैसे जात नाहीत हा त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे, पण नटाच्या आतले आटे तंगुसासाठी पात्यासारखे असतात, म्हणून अशी वस्तू थेट तंगुसावर कधीही ओवू नये.

गाठीवर बसणारा हातोडा

शिसे तंगुसावर मोकळे फिरत असेल तर ते खाली जिथे थांबते तिथे गाठ असते. गळ टाकताना, ओढून घेताना आणि पाण्यात डुलताना शिसे दर वेळी त्या गाठीवर येऊन आपटते. पन्नास ग्रॅमचा हा हातोडा सकाळभर एकाच गाठीवर पडत राहिला तर ती टिकणार नाही. म्हणून शिसे आणि फिरकी (दोन दोरे जोडणारी, दोन्हीकडे कडी असलेली फिरती जोडणी) यांच्यामध्ये एक मणी घालावा. तो रबराचा किंवा मऊ प्लास्टिकचा असावा. काचेचा मणी दिसायला छान असतो, पण तो फुटला की त्याच्या चिरेनेच तंगूस कापला जातो. मण्याचे भोक गाठ आत शिरेल इतके मोठे नसावे. मणी आणि फिरकी दोन्ही काळ्या किंवा मळकट रंगाच्या घ्याव्यात, कारण चकाकणाऱ्या वस्तूला केंड मासा तोंड घालतो आणि त्याच्या दातांपुढे कुठलाच तंगूस टिकत नाही.

ओवण्याचा क्रम असा: रिळावरून आलेल्या तंगुसात आधी शिसे, मग मणी, मग फिरकीची गाठ. फिरकीच्या दुसऱ्या कडीला गळ बांधलेला, दीड-दोन हात लांबीचा तंगुसाचा तुकडा. हातदोरीने गरवणाऱ्यांनाही हीच रचना चालते.

फटीचे बारीक शिसे, जे चिरेत तंगूस घालून दाबायचे असते, ते पकडीने जोर लावून दाबले की तंगूस तिथेच चेपतो. चेपलेली जागा डोळ्यांना दिसत नाही आणि पहिल्या बऱ्यापैकी माशाला तिथेच तुटते. असे शिसे वापरायचे असेल तर तंगुसावर आधी वायरीच्या आवरणाचा छोटा तुकडा चढवावा आणि शिसे त्यावर दाबावे.

गाठ

नायलॉनच्या तंगुसात सहज पडलेली एक साधी गाठ, जी वाऱ्याने किंवा गुंत्यातून आपोआप पडते, तिथे त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून अशी गाठ दिसली की ती सोडवत बसू नये, तेवढा भाग कापून टाकावा. फिरकीला बांधायची गाठ मात्र नीट निवडली आणि नीट आवळली तर तंगुसाची बरीचशी ताकद शाबूत राहते.

मी पालोमार गाठ वापरतो, कारण ती अंधारातही चुकत नाही. तंगुसाचा वीतभर भाग दुमडून दुपदरी करावा आणि तो दुमडलेला फासा फिरकीच्या कडीतून पलीकडे काढावा. दुपदरी तंगुसाची एक साधी, सैल गाठ मारावी, फिरकी खाली लोंबती ठेवावी. मग तो फासा मोठा करून अख्खी फिरकी त्यातून पार करावी. आता गाठ तोंडातल्या लाळेने किंवा पाण्याने चांगली ओली करावी आणि दोन्ही पदर एकत्र धरून सावकाश, एका दमात, आवळावी. उरलेले टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे, अगदी मुळाशी कापू नये.

ओली करण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कोरडी गाठ झटक्याने आवळली की नायलॉनवर नायलॉन घासून उष्णता निर्माण होते आणि गाठीचा पृष्ठभाग भाजल्यासारखा होतो. भिंगातून पाहिले तर अशा गाठीच्या वरच्या बाजूला तंगूस वाकडातिकडा, कुरळा झालेला दिसतो. ती गाठ तिथेच कापून नवी मारावी. विणीव दोरा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो ओढीला फार दणकट असला तरी कालवाच्या शिंपल्याला घासला तर नायलॉनच्या आधी तुटतो आणि गाठीत सरकतोही लवकर. रिळावर विणीव दोरा असला तरी शेवटचे दोन-तीन मीटर जाड नायलॉनचेच असावेत.

फेकताना बसणारा झटका

तुटलेले टोक ताणून बारीक झालेले असेल आणि ते गळ फेकतानाच तुटले असेल, तर कारण वेगळे आहे. रॉड मागून पुढे आणताना स्थिर असलेल्या शिशाला क्षणार्धात मोठा वेग मिळतो आणि तेवढ्या क्षणापुरती तंगुसावर शिशाच्या वजनाच्या कित्येक पट ओढ बसते. जगभरचे गळवाले यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम शिशामागे दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो ताकदीचा तंगूस. पूर्ण जोर लावून फेकायचे असेल तर त्या हिशेबाने ५० ग्रॅम शिशाला सुमारे ८ किलोचा, ८० ग्रॅमला सुमारे १३ किलोचा आणि १०० ग्रॅमला सुमारे १६ किलोचा तंगूस लागतो.

एवढा जाड तंगूस अख्ख्या रिळावर भरण्याची गरज नसते. रिळावर नेहमीचा ७–८ किलोचा तंगूस राहू द्यावा आणि त्याच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडावा. याची लांबी इतकी हवी की फेकण्याच्या तयारीत शिसे खाली लोंबत असताना त्याचे पाच-सहा वेढे रिळावर असावेत. नऊ फुटी रॉडसाठी साधारण सहा मीटर पुरतात. म्हणजे झटका पूर्णपणे जाड तुकड्यावर बसतो आणि जोडाची गाठ त्या वेळी रिळावर सुरक्षित असते. कालवे आणि दगडांचे घर्षणही हाच तुकडा सोसतो, आणि तो खराब झाला तर फक्त सहा मीटर बदलावे लागतात.

किती वजनाचे शिसे लावायचे हे भरती-ओहोटी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, पाण्याला ओढ खूप असते आणि हलके शिसे तळावर थांबतच नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा तीस-चाळीस ग्रॅम पुरते. पुष्कळ जण बारा महिने एकच जड शिसे वापरतात आणि भांगाच्या दिवसांतही तंगुसाला उगाच उधाणाचा ताण देतात. कॅलेंडरमध्ये तिथी पाहून शिसे निवडणे हा तंगूस वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

तळ कसा आहे ते ओळखून

ठाणे खाडीचा तळ बहुतेक ठिकाणी मऊ चिखलाचा आहे. चिखलात चौकोनी किंवा टोकदार शिसे खोल रुतते आणि चिखल ते वरून ओढून धरतो. वाळूच्या किनाऱ्यावर उपयोगी पडणारे पिरॅमिडच्या आकाराचे शिसे इथे नको, गोल किंवा लांबट गुळगुळीत शिसे चांगले. जेट्टीच्या खांबांवर आणि भिंतींवर मात्र कालवे चिकटलेली असतात, आणि ओढून घेताना शिसे शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये भिंतीला घासत वर येते. तिथे रॉड उंच धरून भराभर गुंडाळावे, म्हणजे शिसे तळ सोडून पाण्यातून वर येते. गायमुखला, सारसोळेच्या जेट्टीवर किंवा दिवाळे गावाला नव्याने जाणाऱ्याने पहिल्यांदा ओहोटीला जाऊन यावे. पाणी उतरले की कालवे कुठे आहेत, तिवरांची मुळे कुठवर आली आहेत, कोळी बांधवांच्या जाळ्यांचे खुंटे कुठे ठोकलेले आहेत आणि फाटक्या जाळ्यांचे गुंते कुठे अडकले आहेत, हे सगळे उघडे पडते. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की भरतीच्या वेळी गळ कुठे टाकू नये हे कळते. खुंटे आणि जाळी ही कोळ्यांच्या रोजीरोटीची साधने आहेत, त्यांच्यापासून तर दूरच राहावे.

दगड किंवा जाळ्यांचे तुकडे टाळताच येत नाहीत अशा जागी कच्चा तुकडा बांधावा. तीन कड्यांची फिरकी घेऊन एका कडीला मुख्य तंगूस, दुसरीला गळ आणि तिसरीला वीतभर, मुद्दाम कमी ताकदीचा, समजा ४ किलोचा, तंगूस घेऊन त्याच्या टोकाला शिसे बांधायचे. शिसे अडकले की फक्त हा कच्चा तुकडा तुटतो आणि गळ, तंगूस व नशिबात असेल तर मासाही परत येतो. पण वरचा हिशेब इथे विसरू नये: ४० ग्रॅम शिसे पूर्ण जोराने फेकायला सहा किलोंहून जास्त ताकद लागते, म्हणून कच्च्या तुकड्याने शिसे जोरात फेकले तर ते हवेतच सुटून गोळीसारखे जाईल. अशा रचनेने फक्त हलका झोका देऊन, मागेपुढे कुणी नाही हे पाहून गळ टाकावा. जेट्टीवर संध्याकाळी पोरेबाळे घेऊन आलेली कुटुंबे असतात, तेव्हा तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

शिसे अडकले तर रॉड झटकू नये. आधी तंगूस सैल सोडावा आणि मिनिटभर थांबावे, पाण्याच्या ओढीने शिसे पुष्कळदा आपोआप निघते. निघाले नाही तर वीस-तीस पावले बाजूला जाऊन दुसऱ्या कोनातून ओढावे. तरीही नाही तर रॉड तंगुसाच्या सरळ रेषेत धरून, तंगूस हाताला न गुंडाळता जाड फडक्यावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून, तोंड दुसरीकडे वळवून सावकाश मागे जावे. तंगूस हाताला गुंडाळून ओढल्याने माझ्या तळहातावर पडलेली खूण आजही आहे. शिसे सुटून परत आले तरी शेवटचा मीटरभर तंगूस कापून गाठ नव्याने मारावी, कारण तेवढ्या ओढीनंतर तो भाग आतून ताणला गेलेला असतो.

घरी आणि प्रवासात

शिशापाशी तुटण्याचे एक कारण पाण्यात शोधून कधीच सापडत नाही. ठाण्याहून किंवा ऐरोलीहून लोकलने किंवा स्कूटरवरून जाताना रॉड जोडलेला ठेवून शिसे रिळाच्या कडीत अडकवून ठेवतात. वाटेत शिसे रॉडवर ठक ठक आपटत राहते आणि मधे सापडलेला तंगूस दर वेळी चेपला जातो. घरातून निघताना शिसे काढून ठेवावे, जेट्टीवर पोहोचल्यावर लावावे. तसेच रॉडच्या टोकाच्या कडीत आतून बसवलेल्या चकतीला तडा गेला असेल तर तंगूस नेमका तिथे कातरतो, आणि गुंडाळताना शिसे टोकापर्यंत ओढून आणण्याची सवय असेल तर ती जागा शिशाच्या जवळचीच असते. कापसाची वात या कडीतूनही फिरवून पाहावी, आणि गुंडाळताना शिसे टोकापासून किमान मीटरभर खाली असतानाच थांबावे.

नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो आणि भिजल्यावर कोरड्या अवस्थेपेक्षा थोडा कमजोर असतो. गॅलरीच्या उन्हात रॉड उभा ठेवू नये. घरी आल्यावर रीळ नळाच्या हलक्या धारेखाली धरून मीठ धुवून काढावे आणि सावलीत वाळवावे. पावसाळ्यात बाजूला ठेवलेली गळाची पेटी नारळी पौर्णिमेनंतर उघडताना रिळावरचा वरचा पाच-सहा मीटर तंगूस विचार न करता कापून टाकावा. कापलेला तंगूस, जुने शिसे, गाठ, काहीही पाण्यात टाकू नये. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचा रामसर यादीत समावेश झाला. तिथल्या पक्ष्यांच्या पायात अडकलेला तंगूस काढायला कुणी येत नाही. अभयारण्याच्या हद्दीजवळ गळ टाकण्याचा विचार असेल तर आधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून नियम समजून घ्यावेत.

बादलीची परीक्षा

गाठ आणि शिशाची रचना नीट झाली की नाही हे खाडीत जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. तंगूस दाराच्या मजबूत कडीला फडके गुंडाळून त्यावर बांधावा, शिसे, मणी आणि फिरकी नेहमीप्रमाणे लावावी आणि फिरकीच्या खालच्या कडीला एस आकाराच्या हुकाने रिकामी बादली अडकवावी. बादली जमिनीपासून चार बोटे वर राहील एवढीच उंची ठेवावी आणि पाय तिच्याखाली नसावेत. मग लिटरच्या मापाने एकेक लिटर पाणी सावकाश ओतत जावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात बादलीचे वजन मिळवावे. दर दोन लिटरनंतर शिसे हाताने गाठीवर चार-पाच वेळा वर-खाली आपटावे, म्हणजे खाडीतल्या डुलण्याची थोडीफार नक्कल होते. डोळ्यांवर चश्मा असावा.

मी ही परीक्षा प्रथम केली तेव्हा भोक न घासलेल्या शिशाची आणि कोरड्या गाठीची बादली, पाकिटावर ८ किलो छापलेल्या तंगुसावर, चौथ्या लिटरलाच खाली आली. भोकात रिफिल, मधे मणी आणि ओली करून आवळलेली पालोमार गाठ एवढाच बदल करून त्याच तंगुसावर सातवा लिटर ओतला तरी ती लोंबतच होती. ज्या लिटरला बादली पडेल तो आकडा, तारीख आणि गाठीचे नाव रिळाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावे, आणि दर तीन-चार महिन्यांनी त्याच तंगुसावर परीक्षा पुन्हा घेऊन आकडा कितीने खाली आला ते पाहावे. तो दोन किलोंहून जास्त उतरला असेल तर तंगूस बदलायची वेळ झाली आहे.